रक्त देऊन विचारलेला पगार

गोड बोलणारा माणूस समोर आला की माझी मान आपोआप डोलायला लागते. बावीस वर्षं झाली, कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहतो. बुवांनी म्हणायचं, आम्ही उचलायचं. दिवसा नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत पॅकिंगला असतो. तिथं कुणी गोड बोलत नाही, म्हणून आजवर निभावलं. फसलो तो अमरावतीच्या एका खाजगी पॅरामेडिकल संस्थेच्या हॉलात.

माझी लेक दामिनी बारावी सायन्स झाली. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. अकोल्याच्या सरकारी कॉलेजात अर्ज केला, पण पहिल्या यादीत नाव आलं नाही. वेटिंगवर नववी. मग मैत्रिणींसोबत ती ही खाजगी संस्था पाहून आली आणि रविवारी मला घेऊन गेली. तिथला माणूस तासभर बोलला. आवाज काय खाली नेला, काय वर काढला! आईबापाच्या कष्टांवर येऊन थांबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी. दोन वर्षांची फी दोन लाख ऐंशी हजार, पण बँकेचं कर्ज तेच मिळवून देणार, नोकरीही तेच लावून देणार. ‘बरोबर की नाही?’ असं त्यानं विचारलं आणि अख्ख्या हॉलात पहिलं ‘बरोबर’ माझंच निघालं. येताना जागा धरायचे पाच हजारही भरून आलो. बुधवारी बँकेत सही करायची होती.

घरी लीलाबाईला, म्हणजे दामिनीच्या आईला, ते सगळं आवाजाच्या चढउतारासकट ऐकवलं. ती गहू निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "दृष्टांत कोणता देल्ला त्यानं?"

मला उमजेना.

"तुमचे बुवा काही सांगतात त मागून दृष्टांत देतात ना? अमक्यानं असं केलं, मंग त्याचं असं झालं. यानं कोण्या पोरीचं नाव घेतलं का? हिनं कर्ज काढलं, हिले इतका पगार भेटते, असं?"

नव्हतं घेतलं. भिंतीवर हसऱ्या मुलींचे फोटो होते, पगाराचा आकडा कुठंच नव्हता.

दामिनी चिडली. तिचंही खोटं नव्हतं. सरकारीत नंबर लागला नाही आणि ही जागाही गेली, तर वर्ष वाया. मैत्रिणी पांढरा कोट घालून जाणार आणि ही घरी भांडी घासणार. सोमवारभर मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मंगळवारी लीलाबाईनं मला सुटी काढायला लावली आणि आम्हा दोघांना घेऊन अमरावतीला निघाली. साखर तपासायची आहे म्हणाली. मला बरं वाटलं, तब्येतीकडं लक्ष तरी देते.

पहिल्या लॅबमधल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, आणि सुई आत असतानाच लीलाबाईनं विचारलं की पोरी, पगार किती भेटते तुले? मुलगी गांगरली, पण सुई सोडून जाणार कुठं? नऊ हजार, म्हणाली. कोर्स कुठं केला, फी किती पडली, हेही ट्यूब भरेस्तोवर सांगून मोकळी झाली. बाहेर पडलो तर लीलाबाई दुसऱ्या लॅबच्या पायऱ्या चढायला लागली. साखर तर झाली तपासून, मी म्हटलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिथं दुसरा हात पुढं केला. तीन वर्षांच्या अनुभवावर साडेदहा हजार. दामिनी लाजेनं रस्त्यावरच उभी राहिली.

तिसऱ्या लॅबमध्ये शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर दोन मुली. एक चांदूर बाजारची माधवी, दुसरी पिंकी. माधवीनं लीलाबाईची बाही सारली, मग दुसरी सारली. दोन्हीकडं कापूस चिकटवलेला.

"मावशी, काय करून राहिल्या तुमी?"

लीलाबाईनं मग खरं सांगून टाकलं, की पोरीसाठी हिंडून राहिले, कर्ज काढाव का नाही हे सांगणारं कोणी भेटत नाही.

माधवीनं सिरिंज बाजूला ठेवली. दामिनीला आत बोलावलं. असल्याच एका संस्थेतून कर्ज काढून तिनं कोर्स केला होता. पगार साडेनऊ हजार, हप्ता सहा हजार चारशे, पाच वर्षांचा. उरल्यात खोलीचं भाडं अन् डबा. भाऊ पैसे पाठवतो म्हणून भागतं.

"अन् हिले बी साडेनऊच," ती पिंकीकडं अंगठा करून म्हणाली. "हिचा कोर्स सरकारी, दोन वर्साचे सारं धरून पस्तीस हजार. पेशंटले काय माहीत, कोणती सुई कितीची हाय थे."

पिंकी हसली. दामिनीनं तिलाच विचारलं.

"पण ताई, नंबर लागलाच नाही तर?"

"माहा बी नव्हता लागला. सहा महिने इथंच पावत्या फाडल्या, पाच हजारावर. दुसऱ्या वर्षी लागला." पिंकीनं माधवीकडं पाहिलं. "माहं एक वरीस गेलं. हिचे पाच चालून राहिले."

माधवीनं रक्तही घेतलं नाही, पैसेही नाही.

परतीच्या बसमध्ये दामिनी मोबाईलवर हिशोब करत होती. आमचा हप्ता सात हजारांच्या वर जात होता. नांदगाव यायच्या आधी ती म्हणाली, "बाबा, उद्या बँकेत नका जाऊ. नाही लागला नंबर तर मी पावत्या फाडीन."

मी कुणाला बोललो नव्हतो, पण सोमवारी पॅकिंगला उभा असताना दिवसभर एकच गणित घोळत होतं. कोर्सची दोन अन् हप्त्यांची पाच, अशा सात वर्षांनी मी एकसष्ट वर्षांचा होणार, आणि कंपनी अठ्ठावन्नला घरी पाठवते. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पाच हजार काही परत मिळाले नाहीत. लीलाबाई म्हणाली, एवढं रंगून ऐकलं, दक्षिणा समजा.

शुक्रवारी दुपारी सुपरवायझर शालिकराम मला गेटवर बोलवायला आले, मुलीचा फोन आहे म्हणून. हातातलं काम तसंच टाकून गेलो.

"बाबा, दुसऱ्या यादीत लागला. अकोला."

अकोल्यात माझी मोठी बहीण मनकर्णाबाई राहते, म्हणजे राहायचीही सोय झाली. मी तिथंच, गाडीत चढवायला ठेवलेल्या कापडाच्या गाठीवर बसलो, पांडुरंगाचं नाव घेतलं, त्या दोन पोरींचंही घेतलं. मग फी किती म्हणून विचारलं. दामिनी म्हणाली, वर्षाचे सोळा हजार.

मी परत एकदा विचारलं. सोळाच म्हणाली.