लाल रेघ

पलंगाच्या पायाजवळच्या नटावरची लाल रेघ नटावरून निघून खालच्या पट्टीवर सरळ उतरली होती. केसाइतकीही सरकलेली नव्हती. मुलीने पाना नटावर बसवला आणि आईकडे पाहिलं.

"राहू दे," आई म्हणाली. "ह्यांनी आवळलेला आहे तो."

बाबा गेल्यापासून आठ महिने हेच चाललं होतं. मुलगी आईला आपल्या घरी न्यायला यायची आणि सगळं घोडं पलंगापाशी अडायचं. आई पलंगाशिवाय निघायची नाही आणि तो खोलूही द्यायची नाही.

बाबांची सव्वीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात गेली. ते मेजर वगैरे नव्हते. ती बढती शेजाऱ्यांनी परस्पर देऊन टाकली होती. नट आवळला की त्यावर रंगाची बारीक रेघ ओढायची, रेघ तुटलेली दिसली की तो ढिला झाला असं समजायचं, ही तिथली शिस्त त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणली. पंखा, शिलाई मशीन, नातवाची बाबागाडी, काही म्हणून सुटलं नाही. जावयाच्या स्कूटरचे नट तर त्यांनी लग्नाच्या कपड्यांतच तपासले होते.

"मी एका जागी थांबले असते, तर माझ्यावरही ओढली असती," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिचं गोड बंद केलं, त्या संध्याकाळीच बिस्किटांच्या डब्याच्या फिरकीच्या झाकणावर रेघ आली.

"पण एकदाही सापडले नाही गं मी! रेघेला रेघ जुळवूनच झाकण लावायचे. मेजरसाहेबांना पत्ताच नाही."

मुलीने फळीवरचा डबा काढला आणि खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवला. प्रयोगशाळेत काटे वाचण्यात तिचा दिवस जायचा. झाकणावर रेघ एकच होती. डब्याच्या अंगावर मात्र शेजारीशेजारी अकरा.

"आई, चष्म्याशिवाय तुझं झाकण दर वेळी थोडं इकडेतिकडे बसायचं. मग ते जिथे बसलं असेल, तिथे बाबा डब्यावर नवी रेघ ओढायचे."

"म्हणजे त्यांना कळायचं?"

"पहिली रेघ सोडली, तरी दहा वेळा."

आईने चष्मा लावला. नखाने एकेक रेघ मोजली, पुन्हा मोजली, आणि तिला असं हसू फुटलं की पलंगावर बसावंच लागलं.

"लबाड माणूस! एका शब्दाने बोलला नाही. उघडलं की नवी रेघ, विषय संपला!"

डोळे पुसून ती उठली. खणातून नखपॉलिशएवढी बाटली काढून कानाशी हलवली. आत रंग अजून पातळ होता. तिने बाटली पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि खाली ठेवलेला पाना उचलून मुलीच्या हातात दिला.

"खोल तो पलंग," ती म्हणाली. "मी येतेय तुझ्याकडे."