पूजेचं पाणी

चर्चच्या पायरीशी रेवणसिद्धप्पांनी चपला काढल्या, भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या आणि आत जायचं सोडून तिथंच उभे राहिले. दानम्मा दोन पायऱ्या वर चढली होती. तिनं वळून पाहिलं, तर नवरा कपाळावरचं भस्म जागेवर आहे ना, हे बोटानं चाचपत होता.

"या की," ती म्हणाली.

"पुसा म्हनतील का?"

"कोन म्हनतंय? जसे हाव तसे या म्हनून जावयानं सांगितलंय."

"म्हनले तरी मी कुठं पुसायलोय? इचारलं नुसतं."

ते आत शिरले आणि अगदी मागच्या बाकावर, दाराच्या कडेला बसले. मध्येच उठून जायचं झालं तर कुणाला ओलांडायला नको, असा त्यांचा हिशेब. त्यांनी निवडलेल्या जागेवरूनच दानम्माला तो कळला. ती पुढं लेकीपाशी जाऊन बसली.

मन्नाएखेळ्ळीला हायवेवर रेवणसिद्धप्पांचं बोअरच्या मोटारींचं दुकान होतं. लिंगायत मठाच्या प्रत्येक कामात ते पुढं असत. लेक नागरत्नानं ख्रिस्ती घरातल्या जयपालशी लग्न केलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही, कुणाला बोल लावला नाही. लेकीचं नाव घेणं तेवढं सोडून दिलं. आदळआपट परवडली असती, त्या गप्प राहण्यानं दानम्मा वाळून गेली. आज तोच माणूस नातीच्या बाप्तिस्म्याला आला होता. तो का आला हे दानम्माला पुरतं ठाऊक होतं. एका खोट्या शब्दावर विसंबून तो इथवर आला होता, आणि तो शब्द तिनंच त्याला दिला होता.

नात आठव्या महिन्यातच झाली, बिदरच्या दवाखान्यात. मूठभर जीव, श्वास घ्यायचा तर सगळी छाती आत ओढली जायची. हैदराबादला हलवा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. जयपाल ॲम्ब्युलन्ससाठी धावपळ करत होता. नागरत्ना औषधाच्या गुंगीत होती, डोळा उघडला की एकच विचारी, "पास्टर आले का?" जयपालची आई रूथाबाई पास्टरला आणायला निघाली. निघता निघता ती दानम्माला म्हणाली, "अगदीच वेळ आली तर घरचं कुनी पन देऊ शकतंय, अक्का. कपाळाला पानी लावायचं आन् पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं तुझा बाप्तिस्मा करते म्हनायचं. पन तशी वेळ नको यायला."

ती गेली आणि दानम्मा खाली आली. जिन्याच्या तोंडाशी रेवणसिद्धप्पा उभे होते. वर यायला पाय उचलत नव्हता आणि घरी बसवतही नव्हतं. त्यांनी पिशवीतून झाकणाचा तांब्याचा गडू काढला. सकाळच्या पूजेचं पादोदक होतं त्यात, तळहातावरच्या इष्टलिंगावरून उतरलेलं पाणी.

"लेकराच्या तोंडात थेंब टाक," ते म्हणाले.

लग्नानंतर लेकीच्या घरासाठी त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. दानम्मा गडू घेऊन जवळजवळ पळतच वर गेली. पण नर्सनं तिला दारातच बजावलं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. गाडी खाली लागली होती. हलवायची तयारी होईस्तोवर नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू दानम्माच्या हातात दिलं आणि ती नळ्या सोडवायला वळली. रूथाबाईचा पत्ता नव्हता.

दानम्माच्या एका हातात नात, दुसऱ्या हातात गडू. लेकराच्या गळ्यात लिंग बांधायला मठाचा जंगम आला नव्हता आणि कपाळाला पास्टरचं पाणी लागलं नव्हतं. अशीच गेली तर हिला आपली कोण म्हणणार, या एका विचारानं दानम्मा हादरली. पलीकडे लेक गुंगीतही पास्टरची वाट बघत होती. दानम्मानं झाकण काढलं आणि गडूतलं पाणी तीन वेळा नातीच्या कपाळावर सोडलं. रूथाबाईनं सांगितलेले शब्द तिनं जसेच्या तसे म्हटले. नर्सला वाटलं, असेल कुठलं तरी तीर्थ.

लेकरू वाचलं. "दिलंस का?" नवऱ्यानं विचारलं, आणि दानम्मा "दिलं" म्हणाली.

तेवढ्या एका शब्दावर घराचं दार उघडलं. आमचं पादोदक पोटात गेलं म्हणून नात तरली, असं रेवणसिद्धप्पा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. लेकीच्या घरी जाऊ लागले, तिथला चहा घेऊ लागले. बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलं तेव्हा म्हणाले, "आधी आमचं मिळालंय तिला. आता त्यांचं काय हाय ते त्येनी करू द्यात." दानम्मा ऐकून घ्यायची. आपल्या हातून झालं ते बाप्तिस्मा म्हणून धरायचं की सोडून द्यायचं, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारावं तर ते नवऱ्याच्या कानावर गेल्याशिवाय राहिलं नसतं.

पास्टर शांतराज बोलायला उभे राहिले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. समोर स्टुलावर पाण्याचं भांडं होतं.

"हे पाणी अंगावरची धूळ धुवायला नाही," ते म्हणाले. "जुनं आहे ते ख्रिस्तासोबत मरतं आणि त्याच्यासोबत नवं उठतं, त्याची ही खूण. आता तुम्ही म्हणाल, या लेकराला काय कळतंय? काही कळत नाही. त्याला देवाला 'हो' म्हणता येत नाही, म्हणून आधी देवच म्हणतो, ही माझी. आणि देव एकदा म्हणाला की म्हणाला. म्हणून बाप्तिस्मा एकदाच. दुसऱ्यांदा द्यायचा म्हणजे देवालाच विचारायचं, मागं बोललास ते खरं होतं का रे?"

बाकांवर हसू पसरलं. दानम्माला हसू आलं नाही. तिचा हात पदराआडच्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला. ती स्वतः पाळण्यात होती तेव्हा तिच्या गळ्यात लिंग बांधलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि पुन्हा कधी बांधावंही लागलं नव्हतं. एकदा म्हणजे एकदा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नुसता यांचा नियम असता तर तिनं तो कानाआड केला असता. पण हा तर तिचाही होता.

नागरत्ना आणि जयपाल लेकराला घेऊन पुढं गेले. रूथाबाई बाजूला उभी राहिली.

"या लेकराचा याआधी बाप्तिस्मा झालाय का?" पास्टरांनी विचारलं. रीत म्हणून विचारायचा प्रश्न.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

पास्टरांनी बाही वर सारली आणि भांड्याकडे हात नेला. दानम्मानं एकदा मागं पाहिलं. रेवणसिद्धप्पा मान उंच करून नातीकडे बघत होते, चेहरा खुलला होता. तो चेहरा परत मिटेल, हे तिला दिसत होतं. तरी ती उठली.

"झालाय," ती म्हणाली. "म्या केलाय."

नागरत्ना गर्रकन वळली. "अव्वा, काय बोलायलीस?"

"दवाखान्यात. गाडी लागली तवा. तुज्या सासूनं सांगितलेले शब्द म्हनले आन् तीनदा पानी सोडलं."

पास्टर भांड्यापासून हात मागं घेऊन तिच्याजवळ आले.

"नाव काय घेतलं लेकराचं, अम्मा?"

"नाव कुठलं? ठेवलंच नव्हतं. पोरी म्हनलं."

"आणि पाणी कुठलं होतं?"

हाच प्रश्न नको होता. दानम्मानं मागं न बघता सांगितलं, "ह्यांच्या पूजेचं. लिंगावरलं."

रूथाबाईनं तोंडावर हात ठेवला. "अक्का, पन तुमचाच बाप्तिस्मा झालेला न्हाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या दिवशी पास्टर न मिळाल्यानं ती एकटीच परत आली, तेव्हा लेकराला हलवलेलं बघून जमिनीवर बसली होती. तेव्हापासून रोज रात्री ती त्याच दिवसाची माफी मागत असे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. "मग कसं धरायचं, पास्टर?"

पास्टरांनी वर सारलेली बाही खाली ओढली. मग म्हणाले, "देणारा देव आहे, रूथाबाई. आपण नुसतं पाणी ओततो. पाणी होतं, नाव देवाचं घेतलं, आणि अम्मांना द्यायचा होता तो बाप्तिस्माच. मी दुसऱ्यांदा देणार नाही. आज नाव ठेवू, लेकराला मंडळीत घेऊ, आशीर्वाद मागू."

रूथाबाई रडायला लागली. तिनं दानम्माचा हात धरला तो सोडेचना. पण दानम्माचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मागचा बाक करकरला होता. आता पावलं दाराकडे जाणार, या भीतीनं तिनं डोळे मिटले. पावलं पुढं आली.

"तोंडात न्हाई टाकलं?" रेवणसिद्धप्पा तिच्याशेजारी उभे होते.

"नर्सनं टाकू दिलं न्हाई."

"थेंबभर पन न्हाई?"

"न्हाई. समदं कपाळावर सोडलं."

दुकानात, मठात, कुणाकुणाला काय काय सांगितलं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. मग त्यांनी पास्टरांकडे पाहिलं.

"म्हंजे आमचं पानी चाललं म्हना की तुमाला?"

"चाललं, अप्पा."

रेवणसिद्धप्पांनी मान हलवली. ते मागं गेले नाहीत. तिथंच, पहिल्या बाकावर, दानम्माला सरकवून बसले. पास्टर प्रार्थनेला लागले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा ते तिच्या कानाशी लागले.

"मला आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी लेकीकडं जायचं सोडलं असतं."

प्रार्थना संपली. नागरत्ना बाकासमोर येऊन उभी राहिली, वडिलांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

"व्हय, सोडलं असतं," रेवणसिद्धप्पा म्हणाले आणि लेकराला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढं केले.