केरबा चालतो की नाही

निजामाच्या अमदानीत भूमच्या सरकारी दवाखान्यात सोमलिंग डॉक्टर आला, तेव्हा गावानं त्याला काही मनावर घेतलं नाही. तुळजापूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, हैदराबादेत वर्षानुवर्षं उर्दूतून डॉक्टरकी शिकून आलेला, आणि करतो काय? तर धडधाकट लेकरांना दवाखान्यात बोलावतो! ताप नाही, खोकला नाही, आणि हा आयांना विचारत बसतो की पोर बसायला कधी लागलं, रांगलं कधी, पहिला शब्द कोणता बोललं. भिंतीवर त्यानं स्वतः आखलेला तक्ता होता. कितव्या महिन्यात लेकरानं काय काय करावं ते सगळं त्यात लिहिलेलं. एक म्हातारी तोंडावर म्हणाली होती, "ह्ये बघून लेकरं वाढत्यात व्हय?" सोमलिंगला झोंबलं. या विद्येवर त्याचा जीव होता आणि भूममध्ये ती कुणालाही नको होती.

त्यामुळे एका बाजाराच्या दिवशी कोंडीराम नावाचा शेतकरी बायको-पोराला घेऊन आपणहून आला, तेव्हा डॉक्टरला कोण हुरूप चढला.

"दागदरसाब, पोरगं दोन वर्साचं झालं. चालत न्हाय, बोलत न्हाय," कोंडीराम म्हणाला. "येडं हाय का शानं, तेवढं सांगा." मग त्यानं आवाज खाली आणला. "आईनं येरमाळ्याची पोरगी बघून ठिवलीया. ह्ये येडं निघालं तर माजं दुसरं लगीन लावायचं म्हनती. मला तर कायबी सुचंना. तुमी म्हनाल ते खरं."

त्याची बायको धुरपदा पोराला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. पोराचं नाव केरबा. तीन लेकरं गेल्यावर चौथ्याला जन्मल्याबरोबर केरात टाकायचं, पुन्हा उचलायचं आणि तसलंच नाव ठेवायचं, म्हणजे दैवाला वाटावं की हे कुणाला नकोच आहे. सोमलिंगला ही रीत ठाऊक होती. पण त्याचं सगळं ध्यान तक्त्याकडे.

त्यानं केरबाला आईजवळच जमिनीवर ठेवलं. पोर ढिम्म. खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, गूळ दाखवला. पोरानं आईकडे पाहिलं. धुरपदाचा हात त्याच्या पाठीवर होता. दहा महिन्यांच्या लेकरानं करावं तेवढंही यानं केलं नाही. सोमलिंग निकाल सांगणारच होता, तेवढ्यात पोराच्या पायांचे तळवे त्याच्या हाताला लागले. तळवे राठ, आणि टाचेत काटा मोडल्याची ताजी खूण. जे पोर जमिनीवर पाय ठेवत नाही त्याला काटा मोडला कुठे?

तो गोंधळला. नव्या डॉक्टरला गोंधळल्याचं दाखवता येत नाही, म्हणून त्यानं गंभीर चेहरा करून दुपारी पुन्हा तपासतो असं सांगितलं. कोंडीराम बैलबाजार बघायला गेला.

जरा वेळानं सोमलिंग हात धुवायला मागच्या दारी गेला आणि जागीच थबकला. बाभळीखाली एक पोर शेळीच्या करडामागे दुडूदुडू पळत होतं. "ये गं, ये गं," म्हणत होतं. धुरपदा हसून टाळ्या पिटत होती. हे दुसरंच पोर असणार, असं सोमलिंगला आधी वाटलं. मग वाटलं, जुळं असेल. एवढा शिकलेला माणूस, पण डोळ्यांपुढचं खरं मानायला त्याला तेवढा वेळ लागला.

तो पुढं झाला. धुरपदानं पोराला झडप घालून उचललं.

"बाई, हा चालतो."

"न्हाय."

"मी आत्ता पाहिलं. बोलतोही."

तिनं पोराच्या पायाची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "माजी पयली दोनी नवव्या म्हैन्यात चालली. समदा गाव बगाया आला, लई गुनाची म्हनला. दोनी गेली. तिसरी लेक वर्साची नव्हती तर गानं म्हनायची. ती बी गेली. ह्येला म्या कुनाला दावला न्हाय, ह्येच्या बापालाबी न्हाय. रानात चालवती, मानसांत बसवती. पाठीवर हात ठिवला की त्येला कळतंय."

"अहो, ती साथीनं गेली असतील. तापानं."

"आसंल. पर आदी नजर आली, मग ताप आला."

"तुमच्यावर सवत येईल, कळतंय का?"

"यिऊ द्या की! चार यिऊ द्या. माजं लेकरू ऱ्हाऊ द्या." तिनं हात जोडले. "तुमी निस्तं म्हना, येडं हाय."

आपल्या मुलाला वेडा म्हणा, असं सांगणाऱ्या आईचं काय करायचं, हे सोमलिंगच्या एकाही पुस्तकात नव्हतं. खोटं बोललं तर हिचा संसार मोडणार. शिवाय ज्या लेकराशी चारचौघांत कुणी बोलत नाही ते खरंच मागं पडतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. की नुसतं वाचलेलं होतं? आणि खरं बोललं तर ही बाई रोज मरत मरत जगणार.

"काय ठरलं साब?" कोंडीराम परत येऊन मागच्या दारात उभा होता. धुरपदानं मान हलवली, नको.

"मुलगा चांगला आहे," सोमलिंगच्या तोंडून निघून गेलं. "चालतो, बोलतो. हुशार आहे."

कोंडीराम रडलाच. त्यानं केरबाला खांद्यावर घेतलं आणि भर बाजारात ओरडत सुटला, "माजा केरबा शाना हाय! दागदर म्हनले!" पानवाले, कासार, बांगड्या भरायला बसलेल्या बाया, सगळे माना वळवून पोराकडे बघायला लागले.

धुरपदा दवाखान्याच्या दारात येऊन उभी होती. ती चिडेल किंवा रडेल असं सोमलिंगला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्सं म्या जपला. आता तुमी जपा."

आणि पुढच्या बाजाराला ती हजर. त्याच्या पुढच्यालाही. चार कोस चालून यायची, केरबाला डॉक्टरपुढे सोडायची आणि अंग चोरून समोर बसायची. सोमलिंग जीभ बघायचा, छाती ऐकायचा, काही निघायचं नाही. येरमाळ्याचं स्थळ मोडल्याचं कोंडीरामनं कधीच सांगितलं होतं. तरी बाजाराच्या दिवशी ती मायलेकरं दिसेपर्यंत डॉक्टरच्या जिवात जीव नसायचा. रोगी आत खोळंबायचे आणि हा उन्हात उभा. नजरबिजर झूट आहे, हे तो कुणालाही ठणकावून सांगायचा.

एकदा केरबा दवाखानाभर पळत होता. रामकिसन कंपाउंडर कौतुकानं म्हणाला, "काय तुरूतुरू पळतंय पोरगं! लई गुनाचं..."

"गप बस!" सोमलिंग एवढ्या जोरात ओरडला की बाटल्या पुसणाऱ्या रामकिसनचा हात थांबला. आपण का ओरडलो, हे डॉक्टरला स्वतःलाच कळेना. तो खुर्चीत बसला. कुणाकडे बघावं ते समजत नव्हतं.

धुरपदा मात्र त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली, आणि दवाखान्यात पहिल्यांदाच डोळे मिटून घेतले.