रुळाच्या वाटेवरचे डोळे

अमावास्येला रुळाच्या वाटेवर दीडदोनशे माणूस जमायचं. रूळ म्हणाल तर एकही नाही. पूर्वी जंगलातली लाकडं ओढणारी छोटी गाडी तिथून जायची. लोखंड केव्हाच भंगारात गेलं, नाव तेवढं राहिलं. पण तिथल्या झाडांना म्हणे डोळे फुटले होते, आणि तेही मेलेल्यांचे.

कपाळाला बॅटरी बांधून नामा भगत पुढे. बाकीच्यांनी मोबाईलसुद्धा बंद करायचे, कारण जंगल राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, परका उजेड चालत नाही. नामाची बॅटरी तेवढी त्याला घरची! मग तो एकेकाला पुढं घ्यायचा, त्याच्या कपाळाला ती बांधायचा, आणि समोरच्या झाडांवर दोन-दोन डोळे लखलखायचे. दहा पावलं बाजूला उभ्या असलेल्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. नामाचं उत्तर तयार असे: पुण्य कमी पडतंय, कोंबडा आणा.

मी सुचिता, गावची आशाताई. भुतांवर माझा विश्वास नाही, पण गावातली कोकिळा तिथं जाते हे कळूनही मी गप्प बसले. तिचा नवरा जीवन करोनात मुंबईला वारला. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून ती रडली नाही की हसली नाही. जेव म्हटलं की जेवायची, बस म्हटलं की बसायची. त्यात तिला टीबी निघाला. गोळ्या मीच द्यायचे. घेतेस ना विचारलं की ती व्हय म्हणायची, आणि मी शहाणी कार्डावर खूण करायचे.

एका सकाळी पियूष नावाचा पुण्याचा माणूस गावात चौकशी करत माझ्या दारात आला. हातात डबा, आत टीबीच्या गोळ्या. मीच कोकिळाला दिलेल्या! डबा होता त्यांच्या खेळाचा, जिओकॅशिंगचा. एकानं जंगलात डबा लपवायचा, मोबाईलवर जागा टाकायची, दुसऱ्यांनी हुडकायचा. हा डबा रात्री हुडकायचा होता, म्हणून पियूषनं झाडांना दोन-दोन चमकत्या टाचण्या टोचल्या होत्या. बॅटरी मारली की त्या वाट दाखवणार. झाकणाच्या आत चिठ्ठी होती: 'काही घेतलंत तर काही ठेवून जा.'

झालं! आमच्याकडं राखणदाराची रीत हीच. जंगलातलं काही नेलं की नारळ-कोंबडा ठेवायचा. डबा नामाला सापडला आणि चिठ्ठीचा त्यानं हुकूम केला. कोकिळाला म्हणाला, नवऱ्याचे डोळे बघायला पायजेत तर गोळ्या ठेव.

पुढच्या अमावास्येला मी पियूषला घेऊन गेले. नामाकडून बॅटरी मागून घेतली आणि कोकिळाच्या कपाळाला बांधली. तिला डोळे दिसले. मग बॅटरी सोडवून घेऊन मी दहा पावलं बाजूला गेले, ती माझ्या कपाळाशी धरली आणि त्याच झाडावर उजेड टाकला. मला डोळे दिसले, कोकिळाला काळोख. पियूषनं समजावलं, की या टाचण्या उजेड आला तिकडंच परत पाठवतात. हायवेवरची पाटी गाडीच्या दिव्यात चमकते तशा. बॅटरी ज्याच्या डोळ्यांजवळ, त्यालाच दिसणार.

"पुण्य माणसाला असतं की बॅटरीला?" मी नामाला विचारलं.

राखणदार कोपेल असं काहीतरी तो पुटपुटला. गर्दीत कोणीतरी हसलं.

कोकिळानं झाडाची टाचणी नखानं उपटली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"मग जीवन कुठंय?"

"न्हाय गं," मी म्हटलं. "जीवन न्हाय."

ती रडली नाही. खोकत वाटेवरच खाली बसली. तिचा नवरा त्या रात्री दुसऱ्यांदा मेला आणि या खेपेला त्याला मी मारलं. त्याचं मला वाईट वाटतं, साफ सांगते.

पण बाबांनो, बायांनो, मेलेल्याचे डोळे दाखवून जित्याचं औषध काढून घेतो तो देव नव्हे. चमत्कार दिसला की हात जोडू नका; चार पावलं बाजूला होऊन तिथून बघा.

कोकिळाचा उपचार पुन्हा पहिल्यापासून चालू झाला. आता मी समोर बसून गोळी गिळायला लावते. परवा विचारलं, कसं वाटतंय?

"काय बी वाटत न्हाय."

"नको वाटू दे," मी म्हटलं. "आधी जग."