पहिला घड

गोरक्षच्या लेकीचं, वैष्णवीचं लग्न झालं त्या साली, मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडलेले असताना, खंड्या द्राक्षबागेच्या कडेला पुन्हा ओकला आणि तिथंच आडवा झाला. गोरक्षने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोटाला हात लावला की कुत्रं कण्हत होतं.

त्याची बायको बयाबाई तांब्या घेऊन धावत आली.

"मिठाचं पाणी पाजते. असंल ते बाहेर पडंल."

"आई, थांबा!" सून तेजलच्या कानाला फोन होता. "डॉक्टर म्हणतात, मीठ नको, दूध नको. तोंडात काहीच घालू नका. ओकलेलं पिशवीत भरा आणि लगेच आणा त्याला."

"डॉक्टर काय सांगणार? मला ठाव हाय कुणी घातलं." गोरक्षची नजर कुंपणापलीकडे होती. तिथं शेजारचा उमर फवारणीचा पंप धूत होता. "ह्याच्या आधीच्या शेऱ्याला नजीरनं असंच इख घालून मारलं. आता त्याच्या पोरानं ह्याला धरलंय."

शेऱ्या गेला तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. लग्नाची पत्रिका साऱ्या सायखेड्यात फिरली, कुंपणापलीकडे तेवढी गेली नाही.

तेजलचा नवरा रविराज गाडी घेऊन पिंपळगावला गेलेला. उमरने पंप तसाच टाकला आणि पिकअप बांधावर आणून लावली.

"नाना, भांडण मागून करा. उचला त्याला."

गोरक्ष हलला नाही. खंड्याचे पाय ताणले तेव्हा उठला.

दवाखान्यात शुभांगी डॉक्टरांनी हिरड्या दाबून पाहिल्या, पायात सुई बसवली आणि सलाईनची बाटली जवळ उभ्या उमरच्या हातात दिली.

"लघवी केली का?"

"सकाळधरनं नाय."

"खाल्लंय काय?"

"ह्यालाच इचारा. फवारा ह्याच्याकडं हाय."

तेजलने पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी चिमट्याने आतलं उलगडलं. फेसात द्राक्षांच्या साली होत्या.

"द्राक्षं कुणी दिली?"

"मीच. काल पहिला खुडा झाला. पहिला घड राखणदाराचा. आमच्या बापापासनं चालत आलंय."

"नाना, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष असतात. सगळ्यांना बाधत नाहीत. बाधली की हे असं होतं."

"आमच्या द्राक्षात विष? परदेशात जातोय माल!"

"माणसांना नाही बाधत. याआधी कुठलं कुत्रं असं दगावलं होतं का?"

गोरक्षने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"हां," तो म्हणाला. "शेऱ्या. तोबी पहिल्या खुड्यालाच."

उमरने बाटली या हातातून त्या हातात घेतली. मग ती गोरक्षपुढे धरली.

"तुम्ही धरा, नाना. पिकअप रस्त्यातच उभी हाय. लोक शिव्या घालत असतील."

गोरक्षने बाटली दोन्ही हातांनी धरली. खंड्या टेबलावर लघवी करेपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत.

पुढच्या हंगामात खुडा सुरू झाला तसा खंड्या शेपटी हलवत गोरक्षपुढे येऊन बसला. त्याला भाकरी मिळाली. पहिला घड फडक्यात गुंडाळून गोरक्ष कुंपण ओलांडून गेला. दार रोशनबीने उघडलं. तिने घडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उभे का? या आत," ती म्हणाली.

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. नजीर वैष्णवीच्या लग्नाआधीच्या रमजानात वारला. गोरक्ष त्याच्या मातीला गेला नव्हता.