अखंड

“‘नजरचुकीने’ नको,” आई म्हणाली. “हा शब्द काढ.”

ती खोलीत फेऱ्या मारत होती आणि तिच्या खांद्यावर माझी सात महिन्यांची लेक होती. दात येत असल्यामुळे लेकीला कडेवर घेणाऱ्यानं एका जागी थांबलेलं चालत नव्हतं. आईला तर ते जन्मात कधी जमलं नाही. त्यामुळे सकाळपासून दोघींचं मेतकूट जमलं होतं.

जेवणाच्या टेबलाशी आईचा जुना ज्युनिअर बसला होता. आता त्याचे कानाजवळचे केस पिकलेत, स्वतःचं ऑफिस आहे, पण आईसमोर आला की अजून खुर्चीच्या कडेवरच टेकतो. पुढ्यात प्रतिज्ञापत्राचा मसुदा, दीड पानाचा. पाळणाघराचा दावा उद्या कोर्टासमोर यायचा होता आणि हा कागद आज चारच्या आत दाखल व्हायला हवा होता.

“काढून काय घालू, मॅडम? ‘अनवधानाने’?”

“ते तर त्याहून वाईट.”

“मग टायपिस्टवर ढकलू का? ‘टंकलेखनातील दोषामुळे’?”

“ती बिचारी वारली. आणि तिनं आयुष्यात एक वेलांटी चुकवली नाही.”

ज्युनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले आणि दुपट्यांच्या घड्या करत राहिले.

भांडण एका शब्दाचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं आपल्या कारखान्याच्या कोपऱ्यातली जागा शहराच्या पाळणाघर मंडळाला दिली. करारनामा आईनं लिहिला. त्यात एक ओळ होती: ‘पाळणाघर अखंड चालू राहील तोपर्यंत जागा मंडळाकडे राहील.’ करारनामा वाचून दाखवला तेव्हा मंडळातल्या बायकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या होत्या. अखंड! किती छान शब्द, आशीर्वादच जसा. आणि आता, सात महिन्यांपूर्वी छताचा गिलावा पडला म्हणून पाळणाघर अकरा दिवस बंद राहिलं, तर कंपनीची नोटीस आली. अखंडाला खंड पडला, जागा खाली करा. तिथं आज बेचाळीस मुलं होती.

“तुम्ही दोन्हीकडच्या होतात,” ज्युनिअर समजावणीच्या सुरात म्हणाला. “कंपनीच्या वकील, आणि मंडळाच्या बिनपगारी सचिव. तुम्हीच म्हणालात की शब्द चुकून पडला, तर न्यायाधीश निदान विचार करतील. निम्मी आशा आहे, मॅडम.”

“निम्मी म्हणजे काय, एकवीस मुलं?”

त्यानं मसुद्याची पानं सारखी केली. लेक मात्र खुदकन हसली. तिला आईचा वरचा सूर नेहमीच आवडतो.

आईची वकिली सिनेमातली नव्हे. काळा कोट घालून तिला ओरडताना कुणी पाहिलं नाही. कंपन्या एकत्र येतात, फुटतात, एकमेकींना विकत घेतात. त्या सगळ्याचे कागद ती लिहायची. कागद लिहिता लिहिता घरातही तसंच बोलायला लागली. शाळेतून आल्यावर फ्रिजवर चिठ्ठी असायची: ‘दूध म्हणजे वरच्या कप्प्यातले, आज आलेले, कालचे दूध हे दूध नव्हे.’ बाबा म्हणायचे, हिच्यापासून सुटका नाही, हिच्या कागदात फट सापडायची नाही.

पण शहराला ती ठाऊक आहे ती पाळणाघरामुळे. वॉर्डाची पाणी समिती झाली, फूटपाथसाठीचे अर्ज झाले, तरी ‘पाळणाघराच्या वकीलबाई’ हीच तिची ओळख. आणि लोक मला आवर्जून एकच गोष्ट सांगायचे: तुझ्या आईनं एक दिवस बंद पडू दिलं नाही हो. खरंच दिलं नाही. शहर बंद होतं तेव्हा ती दोन तास चालत गेली. पूर आला तेव्हा कंबरभर पाण्यातून गेली. गोवराच्या साथीत एकही मूल येईना, तर मला घेऊन गेली, चित्रकलेची वही देऊन दिवसभर तिथं बसवलं आणि हजेरीत लिहिलं, ‘उपस्थित: एक.’ ती एक मी. शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिला होता, जगातली सगळी मुलं माझ्या आईला आपली वाटतात, असा. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. आईनं घरी तो वाचला आणि उठून ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा.

“मी स्टँप घेऊन येतो,” ज्युनिअर उठला. “तोवर तुम्ही ठरवा. पण मॅडम, खरं सांगू? ‘नजरचूक’ म्हणायला माणसाला लाज वाटावी असं काही नाहीये. होते चूक.”

“माझी होत नाही,” आई म्हणाली.

ते त्याला गर्वाचं वाटलं असावं. मलाही वाटलं. तो गेल्यावर मी म्हटलं, “आई, हे अति होतंय हं. बेचाळीस मुलांपुढे तुझा एक शब्द म्हणजे काय?”

“तेच तर.” ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. “चूक नव्हतीच ती. मी घातला तो शब्द. बघून, समजून.”

मी हातातलं दुपटं तसंच धरून बसले.

“कंपनीच्या मॅनेजरला जागा द्यायची होती आणि परत घ्यायची सोयही हवी होती. म्हणाला, असा एखादा शब्द बघा की वाचताना टोचणार नाही. मी रात्रभर... नाही, रात्रभर कसली, पाच मिनिटं लागली मला. पाच मिनिटांत सुचला.”

“आणि मंडळाला?”

“नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मंडळाच्या मोठ्या मावशींनी सही केली नसती. मग जागा नाही, पाळणाघर नाही. तू दीड वर्षाची होतीस. तुला कुठं ठेवून मी कामाला जाणार होते?” ती फेऱ्या मारतच बोलत होती, लेकीच्या पाठीवर हात थोपटत. “वाटलं, बंद कशाला पडेल? मी आहे की. मी पडू देणार नाही.”

पूर, बंद, गोवर. माझी चित्रकलेची वही. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि जाताना प्रत्येक गोष्टीचा रंग थोडा थोडा बदलत गेला.

“म्हणजे तू...”

“हो. घाबरून जायचे. सव्वीस वर्षं. सकाळी उठले की आधी तेच, आज उघडलंय ना. लोक हार घालायचे आणि मला घाम फुटायचा.”

“मग ते अकरा दिवस?”

आई थांबली. लेकीनं लगेच कुरकुर सुरू केली, तशी पुन्हा चालायला लागली. तिनं सांगायची गरजही नव्हती. त्या दिवसांत ती माझ्याजवळ दवाखान्यात होती. लेक वेळेआधी आली होती, काचेच्या पेटीत होती, आणि मीच आईला म्हटलं होतं, आयुष्यात एकदा तरी फोन बंद कर आणि माझ्याजवळ बस. तिनं केला. तिकडे गिलावा पडला. मंडळातल्या नव्या, शहाण्या बाईंनी ठरवलं, मुलांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा चार दिवस बंद बरं. आणि वकीलबाईंना नको त्रास द्यायला, त्यांच्या घरी आधीच काळजी आहे.

मग जे तोंडात आलं ते मी बोलले, आणि आजही मला त्याची फारशी लाज वाटत नाही. “आई, नजरचूकच म्हण. कुणाला कळतंय?”

“कंपनीला कळतंय. ती म्हणेल, आम्हाला तर शब्द हवाच होता. मग चूक एकट्या वकिलाची ठरते, आणि तेवढ्यावर करार बदलत नाही. निम्मी आशा तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. तेवढीही नाही.” तिचा आवाज आता शिकवतानाचा झाला होता. “पण मंडळाच्या सचिवानंच कंपनीच्या सांगण्यावरून मंडळापासून लपवून घातला, हे समोर आलं, तर ती फसवणूक होते. फसवून घेतलेल्या शब्दावर कंपनीला जागा मागता येणार नाही.”

“आणि तुझं?”

“सनद जाईल.”

“आई!”

“जाऊ दे. बासष्टची झाले. आता अशी किती...” तिनं वाक्य अर्धवट सोडलं. दुसऱ्यांची वाक्यंसुद्धा पूर्ण करणारी बाई ती.

तिनं लेक माझ्याकडे दिली, टेबलाशी बसली आणि पेन उघडलं. ‘नजरचुकीने’वर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘कंपनीच्या सूचनेवरून, मंडळापासून लपवून, जाणीवपूर्वक’. मग खाली अर्धं पान, न खोडता. लेक रडत होती, आणि ते आईला ऐकू येत नसल्यासारखं वाटत होतं.

ज्युनिअर आला. कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले.

“मॅडम, हे मी दाखल करणार नाही.”

“मग मी करते. टाइप तेवढं करून दे. आणि ‘जाणीवपूर्वक’मधला ‘णी’ दीर्घ आहे, मागच्या वेळी ऱ्हस्व काढला होतास.”

तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. टाइप मात्र त्यानं निमूटपणे केलं. शपथ घेऊन सह्या करून झाल्या तेव्हा दोन वाजले होते.

“आधी पाळणाघरात,” आई म्हणाली. “मोठ्या मावशींनी हे कोर्टात ऐकायला नको.”

मोठ्या मावशींनी पाळणाघर काढलं. वय ऐंशीच्या पुढे, तरी रोज येतात. सगळं शहर आईला ‘वकीलबाई’ म्हणतं. मावशी तेवढ्या ‘अगं’ म्हणून हाक मारतात. आम्ही गेलो तेव्हा मुलांची झोपायची वेळ होती. खोलीभर सतरंज्या, सतरंज्यांवर बेचाळीस मुलं, कुणी आडवं, कुणी उपडं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. मावशी टोकाला वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी लेकीला झुलवत दारातच थांबले. आई चप्पल काढून, वाट काढत त्यांच्यापाशी गेली आणि वाकून कुजबुजली.

“अगं, काय म्हणतेस? ऐकू येत नाही,” मावशी म्हणाल्या.

आईनं पुन्हा सांगितलं.

“मोठ्यानं बोल ना!”

मोठ्यानं कसं बोलणार? एक मूल चाळवलंच. आईनं ते पुन्हा निजेपर्यंत वाट पाहिली. मग मावशींच्या कानाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा सांगितलं. तिला एका जागी इतका वेळ उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. शेवटी तिनं कागदच त्यांच्या हातात दिला. मावशींनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. बोट एका जागी बराच वेळ थांबलं. कुठल्या शब्दावर, ते दारातूनही कळत होतं.

“पुरात आलीस,” मावशी म्हणाल्या, “तेव्हा मीच तुझे पाय पुसले होते.”

“हो.”

“सगळ्यांना सांगत आले मी. वकील असून केवढा जीव लावते मुलांना.”

आईकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. नंतर नंतर जीवही लागलाच असणार, ती भीती आणि तो जीव तिचे तिलाही वेगळे करता आले नसतील. पण ते कागदात नव्हतं, आणि कागदाबाहेरचं ती बोलली नाही.

मावशींनी कागदाची घडी होती तशी घातली, परत दिली.

“यानं वाचेल पाळणाघर?”

“वाचेल.”

“बरं झालं.” मावशींनी चष्मा काढून पुसला. “चारच्या आत द्यायचेत ना कागद? निघा तुम्ही, वकीलबाई. तुम्हाला उशीर होईल.”

आईनं मान हलवली. कागद पिशवीत ठेवला. मग ती सतरंज्यांमधून परत यायला निघाली, सावकाश, एकेक पाऊल जागा बघून टाकत. मधेच एका मुलीचं पांघरूण पायाशी गोळा झालं होतं. आई तिथं थांबली. हात पुढे झाला, आणि तसाच राहिला. तिनं वळून मावशींकडे पाहिलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

मग, परक्याच्या घरातली वस्तू उचलावी तसं दोन बोटांनी धरून, आईनं ते पांघरूण मुलीच्या खांद्यापर्यंत ओढलं.