गोदामाचं जोतं

"चेअरमनसाहेब, तुमच्या गोदामाचं जोतं कुठवर हाय?"

हा प्रश्न भर ग्रामसभेत विचारून दाखव, असं वर्गातल्या शिवगंगानं आणि तारामतीनं विशाखाला डिवचलं होतं. "तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं. वर्गात बाईंपुढं तेवढी बोलतीस!" शिवगंगा म्हणाली होती. विशाखा नववीत, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतंच पहिलं बक्षीस मारून आलेली. अशा पोरीला असं बोलणं म्हणजे वाळल्या कडब्यात काडी टाकणंच की!

खरं तर डिवचायची गरजच नव्हती. त्या प्रश्नाचं मूळ भाद्रपदातल्या पुरात होतं.

त्याआधी लागोपाठ दुष्काळ. ओढ्यात धूळ उडायची, पोरं त्यात विटीदांडू खेळायची. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांना ती सपाट जागा भलतीच आवडली. खणायला नको, भर टाकायला नको. त्यांनी ओढ्याच्या पोटातच सोसायटीचं खताचं गोदाम उभं केलं. कुणीतरी म्हणालं, पाणी आलं तर? नानासाहेब हसले, "प्यायला न्हाय, आन् पुराला कुठनं येतंय?" गावही हसलं. ओढा मेला, असंच सगळे धरून चालले होते.

भाद्रपदात एका दुपारी मेलेला ओढा उठला. गोदामावर आदळला, पुढं वाट मिळेना म्हणून वळला आणि बौद्धवाड्यात शिरला. विशाखाच्या घराची भिंत तिच्या मायच्या, भिमाबाईच्या पायावर पडली. तो पाय पुढं कधी सरळ पडलाच नाही. माय लंगडत पाण्याला निघाली की विशाखा दातओठ खायची. मनात म्हणायची, नानासाहेब, थांबा जरा.

पंचनाम्याला साहेब येणार म्हटल्यावर नानासाहेबांनी गोदामाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला लाल रंगाची रेषा ओढून घेतली. पाणी इथवर आलं, सगळी पोती भिजली, भरपाई द्या! पाणी तर कमरेलाही लागलं नव्हतं. पण साहेबांनी रेषा मानली, आणि पंचायतीनं तिच्यावरच नियम केला. ओढ्याकाठी नवं बांधा की पडलेलं उभारा, जोतं त्या रेषेच्या वर पाहिजे. खाली दिसलं तर पाडणार.

पहिलं पाडलं ते कुणाचं? विशाखाच्या बापाचं! ज्ञानोबानं रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडून, संध्याकाळी एकेक दगड रचून जोतं कमरेएवढं आणलं होतं. पंचायतीच्या नावावर चेअरमनच्याच माणसांनी रेषेपासून दोरी ताणली आणि ते उचकटून टाकलं. तेव्हापासून त्या घराचा संसार शाळेच्या पडवीत.

आणि आता चावडीपुढं, भर ग्रामसभेत, तिनं तो प्रश्न विचारूनच टाकला होता.

"कोण बोललं?" नानासाहेबांनी मान वळवली.

"मी. ज्ञानोबांची विशाखा."

"शाळा शिक की गं बाई. बांधकामातलं तुला काय कळतंय?"

"मोजायला शाळेतच शिकवलंय. तुमचं जोतं जमिनीलगत, रेषा छातीला. पुरात पडलेली मागची भिंत तुमी दिवाळीनंतर उभी केली, म्हणजे नियम झाल्यावर. आमचं तर पाडलं. तुमचं कधी पाडताय?"

नानासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. "अगं, ती रेषा जरा वरच निघालीया. पाणी काय तेवढं नव्हतं."

"मग पोती भिजलीच न्हाईत? साहेबाला खोटं सांगितलं व्हय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग चावडीच हसत सुटली. शिवगंगा तर तारामतीच्या पाठीवर थपाथपा मारत होती. सरपंच आबाराव उपरण्याआड तोंड लपवून म्हणाले, "ज्याचं घर पडलं त्यानं तालुक्याला, लोहाऱ्याच्या तहसिलीत तक्रार द्यावी. मोजणी हुईल." विशाखाला वाटलं, आपण चांगल्या हातभर उंच झालो! नानासाहेबांचा पडलेला चेहरा ती डोळे भरून बघत राहिली. दया? अजिबात नाही आली.

संध्याकाळी नानासाहेब स्वतः पडवीत आले. "ज्ञानबा, झालं गेलं विसर. तुझं जोतं पहिल्यागतच बांध, पंचायतीकडनं तुला सूट देववतो. फक्त पोरीला आवर. तक्रार-बिक्रार नको."

ते गेल्यावर ज्ञानोबानं मोठा श्वास सोडला. "सुटलो. उद्यापासनं दगड रचतो."

"आन् त्याचं गोदाम?" विशाखा म्हणाली.

"राहू दे की. भर गावात त्याचं तोंड काळं केलंस, आनखी काय पाहिजे?" माय पाय चोळत म्हणाली.

"तोंड काळं झालं म्हणून गोदाम हलतंय का, माय? आपण सूट घेतली की त्यालाबी सूट. फुडल्या पुराचं पाणी परत आपल्याच वाड्यात येनार. दुसऱ्या कुणाच्या मायचा पाय मोडनार."

"आन् छातीएवढं जोतं कोण रचायचं? माझ्यानं न्हाय व्हायचं, पोरी," ज्ञानोबा म्हणाला.

"मी हाय की. शाळा सुटली की दगड वाहीन."

बापानं तिच्याकडं रोखून बघितलं. "खरं सांग. वाड्यासाठी बोलतीस, का सूड पाहिजे तुला?"

"दोन्ही!" ती ताडकन बापाला म्हणाली. "त्याच्याच रेषेनं त्याचं गोदाम पडताना मला बघायचंय. दादा, ऐका आता. सूट घ्यायची न्हाय. सोमवारी सकाळच्या यष्टीनं मी लोहाऱ्याला चाललेय तक्रार द्यायला. तुमी आलात तर बरं, न्हाईतर एकटी जाईन."